शिडी परत करायला आलेला माणूस

नट व्हायचं, हे ओत्सो कार्पिनेनने सप्टेंबरातल्या एका मंगळवारी ठरवलं, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या इमारतीला कळली होती. यात त्याचा दोष एवढाच, की सरावासाठी त्याने तळघरातली धुण्याची खोली निवडली. चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की शेजारी शिंकला तर रुमाल ह्याला शोधावा लागे. तिथे माणूस मोठ्याने बोलणार कसा? म्हणून तो खाली गेला, कपडे यंत्रात टाकले, यंत्राकडे तोंड करून उभा राहिला आणि छाती भरून ओरडला, "तू मला फसवलंस!"

दारात राइली तोर्विनेनबाई कपड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या.

"डाग निघाले नाहीत का रे?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही," ओत्सो म्हणाला. "मी नट होतोय."

"कधीपासून?"

"कालपासून."

तोर्विनेनबाईंनी टोपली खाली ठेवली. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या बाईंनी हेलसिंकीतल्या एका मोठ्या नाट्यगृहात कोट सांभाळायच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली होती. प्रयोग चालू असताना खिडकी सोडायची नाही, असा नियम असल्याने त्यांनी एकही नाटक धड पाहिलेलं नव्हतं. पण नाटकातलं त्यांना कळत नाही असंही काही नव्हतं.

"सरळ उभा राहा बघू," त्या म्हणाल्या. ओत्सो सरळ उभा राहिला. त्याचं डोकं तळघराच्या पाइपाला लागलं. सहा फूट पाच इंच हा आकडा ऐकायला साधा वाटतो. तळघरात तो भरपूर असतो.

"नट ओळखायचा कोटावरून," बाई सांगू लागल्या. "चांगल्या नटाचा कोट एक माप मोठा असतो. आत जागा राहते, त्यात भूमिका बसते. तुझा कोट मी जिन्यात पाहिलाय. मनगटं बाहेर असतात. मनगटं बाहेर असलेला माणूस राजा होत नाही, बाळा. फार तर पत्र आणून देतो."

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या खोलीच्या दारावर कागद लागला: 'यंत्राविषयी तक्रार असल्यास लेखी द्यावी. यंत्रावर ओरडू नये. पे. सारेल्मा, अध्यक्ष.'

ओत्सो मृदाशास्त्राच्या चौथ्या वर्षाला होता. माती चिमटीत धरून तिच्यात चिकणमाती किती, हे तो सांगू शकत असे, आणि या गुणाला रंगभूमीवर वाव कमी आहे हे त्यालाही कळत होतं. पण विद्यापीठाच्या भोजनगृहात एक कागद चिकटवलेला होता: 'नट हवेत. अनुभव नको, उत्साह हवा.' अनुभव त्याच्याजवळ नव्हता, तेव्हा अर्धी अट पुरी झालीच होती. उरलेल्या अर्ध्या अटीचा प्रश्न होता. ओत्सो उत्तरेतल्या कायानी गावचा. कायानीच्या माणसाला उत्साह असतो, पण तो बाहेरून दिसत नाही. त्या कागदावरच्या नंबरवर त्याने फोन केला, आपलं नाव सांगितलं आणि पुढे काय बोलावं याचा विचार करू लागला. पलीकडच्या मुलीला वाटलं फोन कटला. तिने ठेवून दिला.

शुक्रवारी सात ते आठ ही इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, पुरुषांची वेळ. वरच्या फळीवर पेन्ती सारेल्मा बसले होते. ते निवृत्त करअधिकारी होते, शिवाय इमारत समितीचे अध्यक्ष. हे दुसरं पद त्यांनी नोकरीतली हौस भागली नाही म्हणून घेतलं होतं.

"उत्पन्नाचं नवं साधन काढलंस म्हणे," लाकडी डावाने तापल्या दगडांवर पाणी ओतत ते म्हणाले.

"अजून उत्पन्न नाही, सारेल्मासाहेब. अजून काहीच नाही."

"काही नसतानाच कागद करून ठेवावेत. काही झालं की उशीर होतो. करपत्र आहे?"

"आहे. उन्हाळ्यात बटाट्याच्या शेतावर होतो, तेव्हाचं."

"बटाट्याच्या करपत्रावर अभिनय करणार?" साहेबांनी पाण्याचा आणखी एक डाव ओतला. खोली फुसकारली. "आणि विद्यार्थी भत्ता मिळतो ना तुला? त्या कार्यालयाला कळव. आणि एक लक्षात ठेव. अर्जातला एकही चौकोन मोकळा सोडायचा नाही. मोकळा चौकोन म्हणजे लपवलेली गोष्ट."

अंगावर सूत नसताना, ऐंशी अंशांच्या वाफेत करविषयक सल्ला घेण्याचे तोटे दोन. एक म्हणजे लिहून घेता येत नाही. दुसरा असा, की उठून जाता येत नाही. सौनातून जो आधी उठतो तो त्या आठवड्यापुरता भेकड ठरतो. ओत्सो चाळीस मिनिटं बसला आणि लाल होऊन, संपूर्ण माहिती घेऊन बाहेर पडला.

भत्त्याच्या कार्यालयाचा अर्ज त्याने मन लावून भरला. शेवटी एक मोठा चौकोन उरला: 'इतर माहिती.' इतर माहिती काहीच नव्हती. पण चौकोन मोकळा सोडायचा नव्हता. तासभर विचार करून त्याने लिहिलं, 'मी अभिनयाकडे वळत आहे.'

बारा दिवसांनी उत्तर आलं. 'आपण मृदाशास्त्राचे शिक्षण सोडून अभिनयाकडे वळल्याची नोंद घेण्यात आली आहे. आपला विद्यार्थी भत्ता पुढील महिन्यापासून थांबवण्यात येत आहे. नव्या क्षेत्रासाठी शुभेच्छा.'

"शुभेच्छा!" सारेल्मासाहेब पत्र डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "आमच्या वेळी शुभेच्छा देत नसत. सुधारणा आहे."

भत्ता परत सुरू व्हायचा तर ओत्सो अजून विद्यार्थी आहे आणि नट नाही, असा विद्यापीठाचा दाखला हवा होता. तो प्राध्यापिका हार्यूंकडे गेला. त्या सरळ मनाच्या बाई होत्या आणि दलदलीच्या मातीखेरीज कशातच अडकलेल्या नव्हत्या. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला: 'श्री. ओत्सो कार्पिनेन यांना मी तीन वर्षे ओळखते. या काळात ते नट असल्याचा संशय यावा असे त्यांच्या हातून काहीही घडलेले नाही.'

हा दाखला ओत्सोने ट्राममध्ये दोनदा वाचला. भत्ता सुरू झाला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

"मनाला लावून घेऊ नकोस," तोर्विनेनबाई म्हणाल्या. "पहिलं परीक्षण कोणाचंही चांगलं येत नाही."

यानंतर ओत्सोने चित्रीकरणाला गर्दी पुरवणाऱ्या एका कंपनीत नाव नोंदवलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोलावणं आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या हेलसिंकीवर मालिका निघत होती आणि बंदरावरच्या बाजारचौकात एका सकाळपुरती माणसं हवी होती. ओत्सोला लोकरीची विजार, टोपी आणि हेरिंग माशांची टोपली मिळाली. विजार वीतभर अपुरी होती. मासे मात्र भरपूर होते, आणि खरे होते.

कॅमेरा सुरू झाला आणि लगेच बंद झाला. हातात वॉकीटॉकी घेतलेली एक मदतनीस बाई तरातरा आली.

"तुम्ही नायिकेच्या मागे दिसताय."

"मी मागेच उभा आहे," ओत्सो म्हणाला.

"हो, पण वर दिसताय. दिव्याच्या खांबासारखे. तेव्हा इतकी उंच माणसं नव्हती. जरा मागे व्हा."

"होती. माझे पणजोबा..."

"पणजोबा मागे उभे राहत असतील."

ओत्सो मागे झाला. पुन्हा कॅमेरा, पुन्हा बंद. आणखी मागे. असं चार वेळा झाल्यावर बाईंचा धीर सुटला. "असं करा," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तोंड करून मागे मागे चालत राहा. मी हात वर केला की थांबा." आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

सांगितलेलं ऐकणं हा कार्पिनेन घराण्यातला जुना रोग. ओत्सो टोपली पोटाशी धरून, नजर बाईंवर ठेवून मागे चालू लागला. कांदे-बटाटेवाल्याच्या पालावरून गेला. फोटो काढणाऱ्या पर्यटकांच्या घोळक्यातून गेला. पायाखालचे दगड जाऊन लोखंड आलं, हे त्याला जाणवलं. पण हात अजून वर झाला नव्हता. मग ते लोखंड मागे करकरत उचललं गेलं, कुठेतरी भोंगा वाजला, आणि बाईंनी हात वर केला. तोवर दोघांच्या मध्ये तीसेक मीटर समुद्र होता.

किल्ल्याच्या बेटाकडे निघालेली ती बोट होती. पाव तास जायला, पाव तास यायला. हेरिंगचा वास लागून बंदरातले समुद्रपक्षी बोटीच्या मागे लागले, आणि त्यांच्यामागून तिकीट तपासनीस आला.

"तिकीट?"

"पाकीट दुसऱ्या विजारीत आहे," ओत्सो म्हणाला.

"दुसरी विजार कुठे आहे?"

"किनाऱ्यावर. ट्रकमध्ये."

तपासनीसाने त्याच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, टोपलीत चोच घातलेल्या पक्ष्याकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याने बरंच ऐकलेलं असावं, कारण त्याचा चेहरा जराही हलला नाही. "खुलासा काही लिहायचाय?" त्याने दंडाच्या कागदावर पेन टेकवून विचारलं.

"मी अभिनय करत होतो," ओत्सो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच एका गणवेशातल्या माणसाने त्याला हे सांगायची संधी दिली होती.

तपासनीसाने लिहिलं: 'प्रवाशाने अभिनय करत असल्याचे मान्य केले.'

त्या संध्याकाळी सारेल्मासाहेबांनी दाखला आणि दंडाचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ कपाळाला हात लावून बसले. "एका कागदावर तू नट नाहीस," ते म्हणाले. "दुसऱ्यावर आहेस, आणि कबूलही केलंयस. हे दोन कागद एका घरात ठेवू नकोस."

पण खरी भानगड तिसऱ्याच ठिकाणी शिजत होती. त्या बोटीवर कायानीच्या महिला मंडळातल्या कोणा बाईची सून होती. तिने ओत्सोला ओळखलं, 'अभिनय' एवढाच शब्द ऐकला आणि पक्ष्यांसकट त्याचा फोटो काढला. शनिवारी तो गावच्या साप्ताहिकात आला. खाली लिहिलं होतं: 'कायानीचा तरुण राजधानीच्या रंगभूमीवर.' मासे आणि रंगभूमी यांचा संबंध काय, हे साप्ताहिकाने विचारलं नव्हतं. वाचकांनीही विचारलं नाही.

रविवारी माइरे मावशीचा फोन आला. मावशी महिला मंडळाची अध्यक्ष.

"ओत्सो, ते माशांचं नाटक कुठलं रे?"

"ते नाटक नव्हतं, मावशी."

"बरं, मग नाटक कधी आहे?"

इथे ओत्सो गप्प बसला. आमच्या उत्तरेत गप्प बसणं होकारात धरतात, आणि मावशी तर लोकांच्या गप्प बसण्यावर अख्खं मंडळ चालवत आली होती.

"नोव्हेंबरात आमची नाटकाची सहल असतेच," ती म्हणाली. "चौदा तारखेचा शनिवार धरते. त्रेचाळीस जणांची बस आहे. दरवर्षी परक्यांची नाटकं बघायची, एवढं आठ तास हाडं खिळखिळी करून जायचं, त्यापेक्षा आपल्या पोराचं बघू. आणि ऐक. तुझे वडील येणार म्हणतात."

"बाबा?"

"रजा टाकलीय त्यांनी."

ओत्सोचे वडील रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवत. उत्तरेतल्या बर्फवाल्याने नोव्हेंबरात रजा टाकणं म्हणजे टपालवाल्याने नाताळात टाकण्यासारखं. चार वर्षांपूर्वी ओत्सोची आई गेली, पुढच्या वर्षी ओत्सो शिकायला हेलसिंकीला आला, आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणं दर रविवारी फोनवर व्हायचं. "तिकडे बर्फ पडला का?" वडील विचारत. "नाही," ओत्सो म्हणे. "बरं मग," वडील म्हणत. हेलसिंकीला ते एकदाही आले नव्हते.

म्हणजे पाच आठवडे होते आणि त्रेचाळीस प्रेक्षक होते. नाटक तेवढं नव्हतं. बहुतेक नटांचं दुखणं याच्या उलट असतं.

ओत्सो हिंडला. एका हौशी मंडळाने त्याला घ्यायचं कबूल केलं, पण त्यांचा प्रयोग एप्रिलात होता. दुसऱ्यांची संगीतिका होती. त्यांनी ओत्सोचं गाणं ऐकलं आणि त्याला आजारी आहेस का, असं प्रेमाने विचारलं. शेवटी एका विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरात नाटक बसवणारी पिह्ला त्याला भेटली. पिह्ला चोवीस वर्षांची होती, नाटक तिचं स्वतःचं होतं आणि चेहऱ्यावर गेल्या दोन वर्षांची झोप शिल्लक होती.

"दुःख दाखव," ती म्हणाली.

ओत्सो उभा राहिला.

"आता आनंद."

ओत्सो उभा राहिला.

"मला फरक कळला नाही."

"आहे," ओत्सो म्हणाला.

पिह्लाने त्याला नापास केलं असतं, पण वरचा एक दिवा बिघडला होता आणि ओत्सोने तो खुर्चीशिवाय, नुसता हात वर करून बदलला. मग चौदा तारखेला आपले त्रेचाळीस प्रेक्षक येतील, असं तो दाराशी जाता जाता म्हणाला. त्या तळघरात साठ खुर्च्या होत्या आणि आजवरची विक्रमी गर्दी अकरा होती, त्यातले दोघे नटाचे आईवडील.

"थांब," पिह्ला म्हणाली. "एक शेजारी आहे."

नाटक एका जोडप्याचं होतं. बारा वर्षांचा संसार, एक रात्र, एक स्वयंपाकघर. नूत्ती नावाचा मुलगा नवरा होता, विल्या नावाची मुलगी बायको. पहिली वीस मिनिटं दोघं मोजकं बोलतात. मग शेजारी उसनी नेलेली शिडी परत करायला येतो, शिडी भिंतीला टेकवतो, "ही शिडी" म्हणतो आणि जातो. दार लागलं की भांडण फुटतं. ते चाळीस मिनिटं चालतं, आणि शेवटी बायको बॅग उचलून कायमची निघून जाते.

ओत्सोने "ही शिडी" हे दोन शब्द तीन आठवडे घोटले. आधी शिडीवर जोर देऊन पाहिला, मग 'ही'वर. तोर्विनेनबाईंचं मत 'ही'च्या बाजूने होतं, सारेल्मासाहेबांचं शिडीच्या, कारण करार वस्तूचा असतो. चौदा तारखेच्या आदल्या दिवशी पिह्लाने ते दोन्ही शब्द कापले. "शिडी दिसतेच आहे," ती म्हणाली. "सांगायचं काय त्यात?"

त्या रात्री ओत्सोने मावशीला फोन केला. "मावशी, माझी भूमिका लहान आहे."

"मोठी माणसं अशीच बोलतात," मावशी म्हणाली आणि बसमध्ये खायचे वेलदोड्याचे पाव किती करावेत, या प्रश्नाकडे वळली.

शनिवारी सहा वाजता बस वसतिगृहापुढे थांबली. त्रेचाळीस माणसं आठ तासांच्या प्रवासाने आखडलेली उतरली आणि एका रांगेत तळघरात शिरली. खाली कोट ठेवायला जागा नव्हती, पण ओत्सोने कळवल्याने तोर्विनेनबाई स्वतःचं टेबल आणि नंबरांचे बिल्ले घेऊन हजर होत्या. सारेल्मासाहेब शेवटच्या रांगेत, बाहेर पडायच्या दाराजवळ बसले, नियमाप्रमाणे दार मोकळं आहे ना हे पाहून.

नाटक सुरू झालं. कायानीची मंडळी हातांची घडी घालून पाहत होती. विसाव्या मिनिटाला दारावर टकटक झाली आणि ओत्सो शिडी घेऊन आत आला. त्याने ती भिंतीला टेकवली. इथवर सगळं लिहिल्याप्रमाणे झालं. मग तो जायला वळला, आणि समोर, पहिल्या रांगेत, त्याला वडील दिसले.

आईच्या अंत्यविधीला घातलेला सूट त्यांनी घातला होता. टोपी गुडघ्यावर होती. त्यांनी ओत्सोकडे पाहिलं आणि रस्त्यात समोरून ओळखीची गाडी आल्यावर मान हलवावी, तशी किंचित मान हलवली.

ओत्सोनेही हलवली. त्यानंतर पाय उचलायचा होता. तो उचलला जाईना. त्याला दार दिसत होतं, दारापलीकडे उभी पिह्ला दिसत होती, पण पाय म्हणजे जणू दुसऱ्याच कोणाचे, उसने आणलेले. त्यापेक्षा जवळ एक खुर्ची होती. तो बसला.

विल्याने नूत्तीकडे पाहिलं. नूत्तीने ओत्सोकडे पाहिलं. ओत्सो गुडघ्यांकडे पाहत होता. शेवटी विल्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते नाटकातलं नव्हतं. तिच्या आईकडून, आजीकडून आलेलं होतं. घरात माणूस येऊन बसला, तर आमच्याकडची बाई दुसरं काही बोलूच शकत नाही.

"कॉफी घेणार?"

ओत्सोने मान हलवली. शब्द कापलेले असल्याने बोलण्याचा प्रश्न नव्हता. कॉफी खरी होती, कारण पिह्लाला सगळं खरं हवं असे. विल्याने पेला भरला. नूत्तीने धीर गोळा केला आणि आपलं वाक्य सुरू केलं.

"बारा वर्षं," तो थरथरत्या आवाजात म्हणाला, "बारा वर्षं मी या घरात..." आणि इथे त्याची नजर शेजाऱ्यावर गेली. परक्या माणसासमोर बायकोशी भांडायचं? ते त्याला जमेना. "...खिडकीचं तावदान बदलीन म्हणतोय."

मागच्या रांगेतून कोणीतरी गंभीरपणे म्हणालं, "थंडीच्या आत बदलायला हवं."

"वारा येतो," विल्या म्हणाली.

"उत्तरेकडून येतो," नूत्ती म्हणाला.

पहिल्या दोन रांगांनी माना डोलावल्या. मग बटाट्यांचं झालं. मग सरपण यंदा ओलं आहे, हे झालं. पिह्लाने दाराआडून हाताने 'ऊठ, ऊठ' अशा खुणा केल्या. मग तिने दिवे घालवले. अंधारात अर्धं मिनिट गेलं. ओत्सोला उठून जायची याहून चांगली वेळ मिळाली नसती, पण अंधारात कॉफी सांडेल, अशी भीती त्याला वाटली. दिवे लागले तेव्हा तो होता तिथेच, आणि विल्या सवयीने त्याचा पेला दुसऱ्यांदा भरत होती.

तेव्हा माइरे मावशी हसली. कायानीचं हसणं म्हणजे आधी खोकला, मग नाक शिंकरणं. पण त्रेचाळीस माणसं एकदम खोकू लागली की तळघराला ते पुरतं. शेवटी विल्याने नाटक संपवायचं म्हणून बॅग उचलली. दारापर्यंत गेली. वळून शेजाऱ्याकडे पाहिलं. पाहुणा बसलेला असताना घर सोडून जायचं कसं? तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "अजून थोडी आहे किटलीत."

दिवे गेले. टाळ्या पडल्या, खूप वेळ पडल्या.

आत पिह्ला एका खोक्यावर बसली होती. तिचे डोळे लाल होते.

"दोन वर्षं लिहिलं मी हे," ती म्हणाली. "शेवटी ती जाते. तिने जायलाच हवं. माझी आई गेली होती."

ओत्सो समोर उभा राहिला.

"का नाही गेली ती?" पिह्लाने विचारलं.

"मी बसलो होतो," ओत्सो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "चुकलं माझं. उद्या उठेन."

पिह्लाने नाक पुसलं. बाहेरून अजून खोकल्यासारखं हसू ऐकू येत होतं. "उद्या ऊठ," ती म्हणाली. "उद्याचे प्रेक्षक नऊच आहेत. त्यांना खरं नाटक दाखवू." मग खोक्यावर सरकून तिने त्याला जागा करून दिली आणि तो तिच्या शेजारी बसला.

बाहेर बसचं इंजिन सुरू होतं. तोर्विनेनबाईंनी त्रेचाळीस कोट बिनचूक परत दिले होते आणि कायानीचं अस्तर हेलसिंकीपेक्षा चांगलं असतं, असं जाहीर केलं होतं. सारेल्मासाहेब ड्रायव्हरला बसच्या प्रवासभत्त्याचे नियम सांगत होते. मावशीने ओत्सोच्या हातात पावांची पिशवी कोंबली, "अगदी आपल्या हेइक्कीसारखा बसलास रे, हुबेहूब!" असं म्हणून ती बसमध्ये चढली. हेइक्की कोण, हे ओत्सोला आठवेना.

वडील मागे राहिले होते. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"तो माणूस," ते म्हणाले. "शिडीवाला."

"हो."

"घरी कोणी नसणार त्याच्या."

ओत्सोने हा विचार केला नव्हता. शेजाऱ्याला घर असेल, हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पिह्लाच्या कागदावर त्याला नावही नव्हतं. त्याने वडिलांच्या सुटाकडे पाहिलं. बाहीचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, जाड टाके घालून, पुरुषाच्या हाताने शिवलेलं होतं.

"नसणार," तो म्हणाला.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. वडील दोन पायऱ्या चढले आणि थांबले. ओत्सोला वाटलं, आता बर्फाचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"डिसेंबरात येतो मी," ओत्सो म्हणाला. "परीक्षा झाली की लगेच. महिनाभर राहीन."

वडिलांनी यावर बराच विचार केला. मागे त्रेचाळीस माणसांची बस खोळंबली होती.

"रस्ता मोकळा करून ठेवतो," ते म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीजवळ बसले.